वसंत नऊ वाजेपर्यंतच असतो

वाई,
फाल्गुन वद्य षष्ठी

चि. श्रीधर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तात्या पुण्याहून परतले ते आल्या पावली आमच्याकडे आले, आणि तुझी आई चहा करावयास आत वळताच आवाज खाली आणून त्यांनी जे सांगितले, ते ऐकल्यापासून माझे चित्त ठिकाणावर नाही. भर दुपारी अभ्यासिकेच्या जिन्यात तुला भोवळ आली, दोघा मुलांनी तुला पायरीवर बसवून तोंडावर पाणी मारले, आणि चौकशीअंती असे निष्पन्न झाले की आदल्या रात्री तीन वाजता तू अंथरुणाला पाठ टेकलीस, अकराच्या सुमारास उठलास, आणि अमृततुल्यच्या दोन कप चहापलीकडे पोटात काहीही गेले नव्हते. राईचा पर्वत करण्याची तात्यांची खोड घरात सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्यांच्या साक्षीतील निम्मा भाग मी वजा केला. पण उरलेला निम्माही माझी झोप उडविण्यास पुरेसा आहे. वहिनींच्या कानावर मी यातले अक्षरही घातलेले नाही. फोनवर विचारावे तर तू ‘ठीक आहे, काका’ म्हणून मोकळा होतोस. लेखी जबाबात ती सोय नसते, म्हणून हे पत्र. पहिल्या प्रश्नाचे उत्तर उलट टपाली दे. रात्री निजतोस किती वाजता?

परीक्षा कठीण आहे, जागा मूठभर आणि उमेदवार लाखांनी, हे मला समजत नाही असे नाही. परंतु दिवसा वाचलेले स्मरणात पक्के होते ते झोपेतच, असे वैद्यकशास्त्र सांगते. मग जी रात्र तू अभ्यासासाठी म्हणून जागवतोस, तीच तुझा अभ्यास पुसून टाकते, हे तुझ्यासारख्या हुशार मुलाला मी सांगावयास हवे काय? आणि त्या जागरणातला किती वेळ पुस्तकाला जातो व किती हातातल्या मोबाईलला, याचा खुलासा मी मागत नाही. तो तू स्वतःशीच कर. उभा जन्म कचेरीत काढलेल्या मला एवढे ठाऊक आहे की आणेवारी घसरली की सारावसुली तहकूब होते, सरकार प्रसन्न असले तर सूटही मिळते. शरीर मात्र निद्रेच्या थकबाकीत एका घटकेची सूट देत नाही, आणि तिची सक्तवसुली कुठल्या जिन्यात होईल याची आगाऊ नोटीसही बजावीत नाही.

असो. आज रागे भरण्यासाठी मी लेखणी उचलली नव्हती. कालच रंगपंचमी झाली, आणि आज पहाटे मेणवलीच्या रस्त्याने फिरून येताना तुझी फार आठवण झाली. ओढ्यापलीकडच्या पिंपळाला पालवी फुटली आहे. पाने इतकी कोवळी आणि तांबूस की उगवत्या उन्हात त्यांची शीर न् शीर दिसते, आणि वारा नसतानाही देठाशी ती हलत राहतात. कडुलिंबाला मोहोर धरला आहे, त्याचा गोडसर गंध थंड हवेत रस्त्यापर्यंत येतो. उन्हे चढली की त्याच जागी नुसती धूळ. आपल्या देशावरच्या वसंताची ही रीतच आहे: तो सकाळी नऊ वाजेपर्यंत असतो, पुढे दिवसभर ग्रीष्माचा अंमल. जो अकराला उठतो त्याला वसंत भेटतच नाही. तो थंडीतून एकदम उन्हाळ्यात पडतो, आणि मग हवेला नावे ठेवतो.

वाग्भटाचे ‘अष्टांगहृदय’ आपल्या माळ्यावरच्या पेटीत आहे, हे तुला माहीत आहे. त्याच्या सूत्रस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात ऋतुचर्या सांगितली आहे. शिशिरात साचलेला कफ वसंताच्या उन्हाने पातळ होतो आणि जठराग्नी मंद करतो, म्हणून या ऋतूत जड, थंड, आंबट आणि गोड यांचा मोह आवरावा, व्यायाम करावा, आणि दिवसा निजू नये, असा त्याचा निर्वाळा आहे. ग्रीष्मात रात्री लहान, म्हणून दुपारच्या झोपेस तो मुभा देतो. वसंतात देत नाही. व्यायामही या दिवसांत अर्ध्या शक्तीनेच करावा असे तो म्हणतो, तेव्हा तालीमबाजी नको. सदाशिव पेठेतून पर्वती काही लांब नाही. उजाडताना पायऱ्या चढ, वर घटकाभर बस, उतर. पहाटेचा उजेड डोळ्यांवर पडला की देहातले घड्याळ आपोआप जुळते आणि रात्री वेळेवर डोळा लागतो. त्यासाठी गोळी लागत नाही. आपले आजोबा औंध संस्थानच्या शाळेत शिकले, तेथे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी मुलांना सूर्यनमस्कार लावले होते. सूर्याच्या बारा नावांचे बारा नमस्कार तू मुंजीच्या वर्षी माझ्याशेजारी उभा राहून घालीत होतास, ते विसरला नसशील. खानावळीचे जेवण बेताचे असले तरी सकाळी काहीतरी खाऊन बाहेर पड, सोबत पाण्याची बाटली ठेव, फ्रिजमधले बर्फगार पाणी घशात ओतू नकोस. खोलीत लहानसा माठ आण, मातीतून पाणी झिरपून उडते तेवढ्यानेच आतले गार होते. दुपारी ताक मिळाले तर चहा एकदाचा तरी टळेल. एवढेच. आणि रात्री अकराच्या आत दिवा मालव, ही मात्र ताकीद समज.

दादा असते तर हे पत्र मला लिहावे लागले नसते. ते पहाटे साडेपाचला अंगणातून ‘येतोस का रे?’ म्हणून हाक मारीत, आणि मेणवलीच्या घाटापर्यंत जाऊन घंटेच्या देवळापाशी बसून येत. मी नुकताच कारकून झालो होतो. पालवी फुटते आणि सरकारी वर्ष संपते ते एकाच सुमारास, हे तुला पुढे नोकरीत कळेलच. वसुलीचे तक्ते, रात्री उशिरापर्यंत दप्तर, सकाळी डोळे उघडत नसत. ‘मार्चअखेर उरकली की येतो’ असे मी पांघरुणातून म्हणत असे. मार्च उरके, पण तोवर ऊन तापलेले असे, आणि ते म्हणत, आता पुढच्या वर्षी. मग माझी बदली झाली, त्यांचे गुडघे धरले, आणि पुढचे वर्ष कधी आलेच नाही. आता मी रोज त्या रस्त्याने जातो. चालणे तेच, हवा तीच; पण दादांशी ज्या गोष्टी बोलायच्या राहिल्या त्या कोणत्या होत्या, हेही आता आठवत नाही.

हे लिहिता लिहिता एक गोष्ट ध्यानात आली. पथ्ये सांगून झाल्यावर वाग्भट असेही सांगतो की वसंतातले मध्यान्ह कोकिळांच्या कूजनाने भरलेल्या वनात मित्रांशी गोष्टी करीत सुखाने घालवावे. ऋतुचर्येत त्या ऋषितुल्य वैद्याने मित्रांना जागा दिली, ही त्याची केवढी समज! तुझा खोलीतला सोबती नायब तहसीलदार होऊन विदर्भात गेला, त्याला तीन महिने झाले. तेव्हापासून त्या खोलीत तू एकटाच आहेस. तुझे जागरण अभ्यासाचे आहे की एकटेपणाचे, हा प्रश्न तात्यांना सुचला नाही, आणि पत्राचा आरंभ करताना मलाही सुचला नाही. तसे असेल तर मला सांग. रात्री दोनला वाटले तरी फोन कर. म्हाताऱ्यांची झोप तशीही पातळच असते. पूर्वपरीक्षा यंदा साधली नाही तरी या घरात तुला कोणी एका शब्दाने बोलणार नाही, याला मी जामीन.

पाडव्याला ये. वहिनी कडुलिंबाची पाने, गूळ, ओवा आणि हिंग वाटून ठेवतील, ते तोंड वाकडे न करता खा. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवापर्यंत राहिलास तर आंबेडाळ आणि पन्हेही मिळेल. भोवळीचे त्यांना तू होऊन सांगावेस असे वाटले तर सांग, नाही तर ते आपल्या दोघांत राहील. पहिले दोन दिवस तुला कोणी उठवणार नाही, हवे तितके नीज. तिसऱ्या दिवशी साडेपाचला मी अंगणातून हाक मारीन. यावेसे वाटले तर ये.

तुझा,
अण्णाकाका

ता. क. काकूने सातूच्या पिठाचा डबा तात्यांच्या मुलाबरोबर पाठविला आहे. गुळाच्या पाण्यात कालवलेस की न्याहारी झाली. डब्यात तळाशी पाकीट आहे, त्याबद्दल फोनवर हुज्जत घालू नकोस.