रोबो, प्लायवूड आणि पुठ्ठ्याचे बारा तुकडे

‘डिजिटल फॅब्रिकेशन’ म्हटलं की आपल्या कॉलेजात बहुतेकांच्या डोळ्यांपुढे थ्रीडी प्रिंटरमधून निघालेला प्लॅस्टिकचा छोटा गणपती येतो, नाहीतर की-चेन. फेस्टिव्हलच्या स्टॉलवर ठेवायला छान! पण मी सिव्हिलची विद्यार्थिनी असल्यामुळे माझा पहिला प्रश्न वेगळाच असतो : यावर लोड टाकला तर काय होईल? ह्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मला युरोपातल्या आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी केलेले काही प्रयोग सापडले आणि मी त्यांत चक्क अडकून पडले. त्यांतले दोन-तीन तुम्हाला सांगते. (शाळा कॉन्व्हेंटची असल्याने तांत्रिक शब्द इंग्रजीच येतील, तेवढं चालवून घ्या.)

व्याख्या एका वाक्यात. कॉम्प्युटरवर काढलेलं ड्रॉइंग मधे कागदावर न उतरता थेट मशीनकडे जातं आणि मशीन त्याप्रमाणे कापतं, वाकवतं किंवा रचतं. बस्स.

सुरुवात विटेपासून करू, कारण वीट आपल्या ओळखीची. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात फाबियो ग्रामाझिओ आणि मथायस कोहलर या दोन प्राध्यापकांनी २००५ साली गाड्यांच्या कारखान्यात असतो तसला औद्योगिक रोबो आर्किटेक्चरच्या विभागात आणून बसवला. २००६ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना भिंतीचं चित्र काढायला सांगितलं नाही, तर भिंत रचण्याचा नियम लिहायला सांगितला. कुठली वीट किती सरकवायची, किती अंशात फिरवायची, हे सगळं प्रोग्रॅममध्ये. रोबोने त्याप्रमाणे विटा उचलून रचल्या. त्याच वर्षी फ्लेश नावाच्या गावातल्या गांटेनबाइन वायनरीच्या भिंतींसाठी हेच तंत्र वापरलं गेलं. सुमारे २०,००० विटा, ७२ पॅनेल्स, प्रत्येक वीट थोडी वेगळी फिरवलेली. लांबून बघितलं तर भिंतीत मोठमोठी द्राक्षं भरून ठेवल्यासारखी दिसतात आणि विटांमधल्या फटींतून आत उजेड आणि हवा येते.

इथे कुणीही विचारेल, आणि आमच्या ग्रुपमध्ये विचारलंच : आपला गवंडी विटांची जाळी रचतो, त्यात आणि ह्यात फरक काय? प्रश्न रास्त आहे. गवंड्याचा हात कुठलीही वीट कुठल्याही कोनात ठेवू शकतो, उलट रोबोपेक्षा सफाईने. पण २०,००० विटांचे २०,००० कोन त्याला सांगणार कोण? म्हणून तो एक नमुना धरतो आणि तोच परत परत रचतो. मोजमाप न घेता, दोरी न लावता, प्रत्येक विटेची जागा ‘माहीत असणं’ ही रोबोची खरी जमेची बाजू. त्याच्या हाताचं कौतुक आपण उगाच करतो, असं माझं मत आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता जर्मनीत. श्टुटगार्ट विद्यापीठात आखिम मेंगेस यांची कॉम्प्युटेशनल डिझाइनची इन्स्टिट्यूट (आयसीडी) आणि यान क्निपर्स यांची स्ट्रक्चर्सची इन्स्टिट्यूट (आयटीकेई) अशा दोन संस्था २०१० पासून एकत्र येऊन विद्यार्थ्यांबरोबर प्रायोगिक पॅव्हिलियन उभारत आल्या. आर्किटेक्ट आणि इंजिनिअर पहिल्या दिवसापासून एका टेबलावर! आपल्याकडे ‘त्यांनी चित्र काढायचं आणि आम्ही बीम टाकून ते उभं ठेवायचं’ असा जो कारभार चालतो, तो तिथे नाही. खरं सांगायचं तर मला पहिला हेवा रोबोचा नाही, ह्या टेबलाचा वाटला.

२०१० चा पॅव्हिलियन फक्त ६.५ मिलिमीटर जाडीच्या बर्च प्लायवूडच्या पट्ट्यांचा होता. पट्ट्या सपाट कापल्या, जागेवर वाकवल्या आणि एकमेकींना जोडल्या. वाकलेल्या पट्टीला सरळ व्हायचं असतं आणि शेजारची ताणलेली पट्टी तिला होऊ देत नाही, त्या भांडणातूनच सगळं स्ट्रक्चर ताठ उभं राहिलं. धनुष्याची काठी आणि दोरी आठवा. ५०० हून जास्त तुकडे, प्रत्येकाचा आकार वेगळा.

पण माझा लाडका २०११ चा. त्याच्यासाठी त्यांनी सॅंड डॉलर नावाचा समुद्री प्राणी अभ्यासला. हा चपटा, नाण्यासारखा जीव. त्याचं कवच अनेक छोट्या तबकड्यांचं असतं आणि तबकड्यांच्या कडा बोटांसारख्या उंचवट्यांनी एकमेकींत गुंतलेल्या असतात. (दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफा, झाला फिंगर जॉइंट.) विद्यार्थ्यांनी हेच प्लायवूडमध्ये केलं. प्लाय पुन्हा ६.५ मिलिमीटरचाच. ८५० हून जास्त तुकडे, सगळे वेगवेगळ्या आकारांचे, आणि बोटं एक लाखाहून अधिक!

एवढं पातळ प्लाय उभं कसं राहिलं? इथे थोडं थिअरी, पण वही नको, पुठ्ठा पुरे. तीन पुठ्ठे घ्या आणि चिकटपट्टीने एका कोपऱ्यात जोडा, जसा खोक्याचा कोपरा असतो. चिकटपट्टी म्हणजे बिजागरीच, ती वाकण्याला अजिबात अडवत नाही. तरीही तो कोपरा जागचा हलत नाही. आता त्याच टोकाशी चौथा पुठ्ठा घाला. लगेच सगळं उघडमीट करायला लागतं! फिंगर जॉइंटचंही असंच आहे. कडेच्या दिशेने सरकू पाहणारा जोर तो मस्त पेलतो, पण कडेभोवती वाकवणारा जोर त्याला फारसा झेपत नाही. म्हणून नियम असा, की कुठल्याही बिंदूत तीनच कडा भेटल्या पाहिजेत. सॅंड डॉलरच्या कवचात हा नियम आहे आणि २०११ च्या पॅव्हिलियनमध्येही तोच पाळला.

ट्रसमध्ये आपण नेमकं उलटं शिकतो. सळ्या असतील तर त्रिकोण करा, चौकोन केला की तो लुळा पडतो. स्ट्रॉचा क्यूब करून बघा, क्षणात आडवा. पण पुठ्ठ्याचा बंद खोका ताठ राहतो, कारण त्याच्या आठही कोपऱ्यांत तीन-तीन पुठ्ठे भेटतात. काडीला त्रिकोण हवा, तक्त्याला तिघांचा कोपरा हवा. आमच्या टेक्स्टबुकात पहिलं वाक्य आहे, दुसरं नाही.

ह्या नियमाची आणखी एक गंमत, आणि डिजिटल भाग खरा इथेच येतो. कोणतीही तीन प्रतलं घ्या, ती (समांतर वगैरे नसतील तर) एका बिंदूत भेटतातच. त्यामुळे एखादा तक्ता थोडा तिरका केला तरी कोपरा फुटत नाही, फक्त सरकतो. प्रोग्रॅमने तीन समीकरणं पुन्हा सोडवायची, झालं. चार तक्ते एका कोपऱ्यात असते तर एक हलवल्यावर चौघांची गाठ पडलीच नसती. म्हणून तर ८५० वेगवेगळे तुकडे काढता आले. आणि मशीनला तोच तुकडा ८५० वेळा कापणं काय किंवा ८५० निरनिराळे कापणं काय, जवळपास सारखंच.

कापायचं काम सात अक्षांच्या रोबोने केलं. दोन तक्त्यांमधला कोन बदलला की बोटांची कडही त्या कोनात तिरकी कापावी लागते, आणि ते साध्या मशीनला जमत नाही. पण कापून झाल्यावर जोडलं कोणी? विद्यार्थ्यांनी, हातांनी. एका पेशीतले तक्ते गोंदाने चिकटवले आणि पेशी एकमेकींना स्क्रूने जोडल्या, म्हणजे पुढे सुट्याही करता येतील. तक्त्याचा कोन किती ठेवायचा हे जोडणाऱ्याला मोजावं लागत नाही, बोटं पूर्ण बसली की कोन आपोआप बरोबर येतो. म्हणजे ड्रॉइंग तुकड्याच्या कडेतच भरून ठेवलंय!

ह्यात आपल्यासाठी खूप काही आहे असं मला वाटतं, आणि इथेच माझं अनेकांशी पटत नाही. ‘आपल्याकडे कुठे एवढे रोबो’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! अहो, पण आपल्याकडे हात आहेत. साइटवर इंटर्नशिप केलेल्या कुणालाही विचारा : कमी पडतं ते हाताचं कसब नाही, कमी पडते ती कागदावरून हातापर्यंत नीट पोचणारी माहिती. ड्रॉइंग फाटलेलं असतं, रिव्हिजन जुनी असते, स्केल कुणी बघत नाही. तुकडाच जर बोलत असेल तर अर्धी कटकट मिटली.

आणि मशीन तरी अगदीच नाही असं कुठाय? पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात एमआयटीच्या सहकार्याने २००२ मध्येच फॅब लॅब सुरू झाली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅब्जमध्ये तिचं नाव येतं! त्याच आश्रमाने लोखंडी अँगलचा सांगाडा आणि त्यावर फेरोसिमेंटचा थर अशा घुमटाच्या घरांचाही प्रसार केला, ‘पाबळ डोम’ म्हणून. जिओडेसिक घुमट हा सगळा त्रिकोणांचा, काड्यांच्या नियमाने चालणारा. त्यात मोजक्याच लांबीच्या काड्या पुन्हा पुन्हा वापरतात, साध्या प्रकारात तर दोनच लांब्या. हाताने कापायचं असेल तर हेच शहाणपणाचं. एकीकडे सगळे तुकडे सारखे म्हणून सोपं, दुसरीकडे सगळे वेगळे तरी सोपं. दोन्ही एकाच गावात बघायला मिळण्यासारखं आहे. आपली इंडस्ट्रियल व्हिजिट मात्र दरवर्षी त्याच त्या आरएमसी प्लांटला!

मी आणि आर्किटेक्चरची माझी मैत्रीण, आम्ही छोटा प्रयोग करून पाहिला. बारा पंचकोनांचा घनाकार (डोडेकाहेड्रॉन) घेतला, कारण त्याच्या वीसही कोपऱ्यांत तीनच तुकडे भेटतात. मग कॉम्प्युटरवर एकेक प्रतल थोडंथोडं तिरकं केलं. बारा पंचकोन, सगळे वेगळे. कडा तीस, प्रत्येक कडेला दातांचा वेगळा नमुना, म्हणजे तुकडा फक्त आपल्याच शेजाऱ्याशी जुळेल. तुकड्यांवर ना नंबर ना खूण, आणि चित्रही दाखवायचं नाही असं ठरवलं. हा ढीग हॉस्टेलमधल्या मेकॅनिकलच्या एका मुलीपुढे ठेवला. तिने आधी तोंड वाकडं केलं, मग चहा मागवला, आणि चहा संपायच्या आत सात तुकडे जागेवर होते. उरलेले पाच तर तिने आमच्याशी गप्पा मारत लावले.

करून बघायचं असेल तर दोन गोष्टी. लेझर सरळच कापतो, तिरकी कड देत नाही. म्हणून पातळ पुठ्ठा घ्या, सांध्यात बाहेरून बारीक फट दिसली तर दिसू द्या आणि आतून चिकटपट्टी लावा. दुसरं, लेझर स्वतःच्या रुंदीएवढा पुठ्ठा जाळतो, त्याला कर्फ म्हणतात. तो आधी मोजा. १० मिलिमीटर रुंदीच्या दहा पट्ट्या कापा, शेजारी-शेजारी दाबून धरा आणि व्हर्नियरने मोजा. १०० ऐवजी ९८ भरलं तर कर्फ ०.२ मिलिमीटर. तेवढी वाढ दातांच्या रुंदीत दिली की सांधा घट्ट बसतो.

ह्या सगळ्याचं खऱ्या इमारतीत काय झालं, असं विचाराल तर श्वेबिश ग्म्युंड इथे २०१४ मध्ये तक्त्यांच्या ह्याच पद्धतीने एक प्रदर्शन-हॉल बांधला गेला. ५० मिलिमीटर जाडीचं बीच प्लायवूड, रोबोने कापलेले २४३ तक्ते, ७,६०० फिंगर जॉइंट. २०१९ मध्ये हाइलब्रॉनला ३० मीटर स्पॅनचा लाकडी पॅव्हिलियन झाला, ३७६ भागांचा. सॅंड डॉलर तिथेही होताच.

आमचे बारा तुकडे सध्या सिव्हिलच्या मॉडेल रूममध्ये, खिडकीजवळच्या कपाटावर एका पिशवीत सुटे ठेवलेत. कुणालाही येऊन लावून बघता येतील. चित्र मात्र मागायचं नाही.