शॉकअप तेच ठेवून गाडी खाली बसवता येते का?

प्रश्न : माझ्याकडे 2013 ची स्विफ्ट आहे. ती दोनेक इंच खाली बसवली तर रुबाबदार दिसेल आणि वळणावर रस्ता धरून चालेल, असं मित्र म्हणतात. गॅरेजवाले म्हणतात, शॉकअप कंपनीचेच राहू द्या, स्प्रिंगचा एखादा वेढा कापून देतो, फारसा खर्चही नाही. कापावा का?
— एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. शॉकअप न बदलता गाडी खाली बसते का? बसते. आणि बसल्यावर ते शॉकअप नीट काम करतात का? खरी गोम इथेच आहे.

आपण पुढच्या चाकामागच्या त्या अख्ख्या उभ्या जोडणीलाच ‘शॉकअप’ म्हणतो, म्हणून घोळ होतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची ही रचना 1950 च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांत आली आणि आज बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे तीच असते. बाहेर गुंडाळलेली स्प्रिंग आणि आत तेलाची नळी. दोघी एकाच खांबावर असल्या तरी कामं वेगळी. गाडीचं वजन स्प्रिंग उचलते, म्हणून गाडी किती उंच उभी राहणार हे तीच ठरवते. नळी वजन पेलत नाही. स्प्रिंगने सुरू केलेला हेलकावा थांबवणं एवढंच तिचं काम. त्यामुळे उंची कमी करायला नळीला हात लावावा लागत नाही, इथपर्यंत तुमच्या गॅरेजवाल्यांचं बरोबर आहे.

आता कापण्याचं बघू. वेढा कापला की स्प्रिंग मऊ पडते असं पुष्कळांना वाटतं. होतं उलटंच. त्याच तारेचे वेढे जितके कमी, तितकी स्प्रिंग ताठ. काम करणारे सहा वेढे असतील आणि एक गेला, तर ताठपणा सुमारे 20 टक्क्यांनी वाढतो. नळीतलं तेल आणि झडपा मात्र जुन्या स्प्रिंगच्या हिशोबाने बसवलेल्या. ताठ स्प्रिंग जोरात परत फेकते आणि नळी तिला पुरेशी आवरू शकत नाही.

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट जास्त जाणवते, कारण खाली काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि वरचा डांबरी रस्ता हळूहळू लाटांसारखा होतो. छोट्या गाडीच्या अंगाची स्वतःची लय सेकंदाला साधारण दीड हेलकाव्याची असते. ताशी 60 किलोमीटरने गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. म्हणजे रस्त्यावर दर अकरा मीटरला एक लाट आली की प्रत्येक लाट आधीच्या हेलकाव्यात भर घालते. ताठ स्प्रिंगने ही लय थोडी वाढते, इतकंच. लाटा तर सगळ्या मापांच्या असतात. अशा रस्त्यावर गाडी सावरते ती नळीच्या जोरावर, आणि तीच इथे कमी पडते.

दुसरी अडचण जागेची. नळीच्या दांड्यावर एक रबरी बफर असतो. चाक वर आलं की स्प्रिंग दबते आणि अगदी शेवटी बफर टेकतो. गाडी दोन इंच, म्हणजे 50 मिलिमीटर खाली आणली की ती सगळी जागा बफर टेकेपर्यंतच्या मोकळ्या अंतरातूनच जाते. मग चार माणसं बसली की साध्या खड्ड्यालाही ‘ठक’ असा आवाज येतो. तो दणका स्प्रिंगने झेललेला नसतो. तो सरळ वरच्या माउंटिंगला आणि बॉडीला बसतो.

उलट बाजूलाही त्रास आहे. कापलेल्या स्प्रिंगची गाडी जॅकवर चढवून पाहा. चाक लोंबकळतं, दांडा पूर्ण बाहेर येतो, पण आखूड झालेली स्प्रिंग तिथवर पुरत नाही. हाताने हलवली तर वाटीत खडखडते. मूळ स्प्रिंगचं टोक वाटीत चपखल बसेल असं वळवलेलं असतं. कापलेलं टोक तसं बसत नाही. मोठ्या खड्ड्यात चाक क्षणभर लोंबलं आणि स्प्रिंग तिरकी बसली, तर पुढचा भार एका कडेवर येतो. गॅसने कापली असेल तर आणखी वाईट, कारण त्या उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं. अशी स्प्रिंग पुढे बसते किंवा तुटते.

मित्रांचा वळणाचा मुद्दा अर्धा खरा आहे. गाडी खाली आली की वजनाचा मध्य खाली येतो, हे बरोबर. पण या रचनेत लोअर आर्मचं, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या आडव्या हाताचं, बाहेरचं टोक वर चढतं, आणि बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू वजनाच्या मध्यापेक्षा जास्त खाली सरकतो. दोघांतलं अंतर वाढतं आणि कलण्याची ताकदही वाढते. शिवाय चाकांचे कोन बदलतात. अलाइनमेंट न करता गाडी पळवली तर टायर आतल्या कडेने खाल्ला जातो.

गतिरोधकाचा हिशोब तर पट्टीने करता येतो. तुमच्या गाडीचं ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या स्थितीत 170 मिलिमीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच. तुमच्या गाडीच्या दोन चाकांतलं अंतर 2.43 मीटर, म्हणजे दोन्ही चाकं त्या उतारावर चढलेली असतात आणि मधला उंचवटा चाकांच्या रेषेच्या वर जेमतेम 43 मिलिमीटर येतो. असा गतिरोधक खाली बसवलेली गाडीही पार करेल. पण गावाच्या वेशीवर लोकांनीच रचलेला, मीटरभर रुंद आणि 12 सेंटिमीटर उंच ढिगारा घ्या. त्यावर गाडी आली की दोन्ही चाकं सपाट जमिनीवर आणि ढिगारा पोटाखाली. 170 मधून 120 गेले, उरले 50. चार माणसांनी गाडी 30 मिलिमीटर दबली, तर उरले 20. त्यातून आणखी 50 काढायचे म्हटले तर चेंबर फुटायचाच.

कायद्याचंही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीबाहेरच्या बदलाला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्यामुळे काहीही करण्याआधी परभणीच्या आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा.

माझं मत विचाराल तर स्प्रिंग कापू नका. रस्ता धरून चालावं हीच इच्छा असेल तर आधी टायर, लोअर आर्मचे बुश आणि शॉकअप तपासा. इतक्या वर्षांच्या गाडीत नळ्या बहुधा थकलेल्या असतात. बॉनेट एका कोपऱ्यावर जोरात दाबून सोडा, गाडी दोनतीनदा डोलली तर नळ्या गेल्या समजा. मूळ मापाचे नवे शॉकअप टाकलेली स्विफ्ट वळणावर किती शहाण्यासारखी वागते, ते एकदा अनुभवा.

परवानगी मिळाली आणि तरीही खाली बसवायचीच असेल, तर 20-25 मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका. त्याच मॉडेलसाठी बनवलेली, लांबी आणि ताठपणा एकत्र ठरवलेली आखूड स्प्रिंग घ्या. मूळ शॉकअप सुस्थितीत असतील तर तेवढं सांभाळून घेतात. बसवताना लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायला सांगा. जॅकवर असताना आवळले तर रबर कायम पीळ खात राहतं आणि लवकर फाटतं. नंतर अलाइनमेंट करा आणि हेडलाइटचा झोत भिंतीवर तपासा.

आणि गॅरेजला जाण्याआधी टेपने चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून कागदावर लिहून ठेवा. काम झाल्यावर पुन्हा मोजा, मग चार माणसं बसवून एकदा. गाडी नेमकी किती खाली आली ते त्या कागदावर दिसेल.