नाताळ : उपासना की घरचा सण?

‘नाताळ म्हणजे ख्रिस्ती लोकांची दिवाळी’ हे वाक्य सणांवरील निबंधांत हमखास आढळते. वाक्य सोपे आहे आणि वरवर पाहता खरेही आहे. दिव्यांची आरास, नवे कपडे, गोडधोड, परगावच्या माणसांचे घरी येणे, शाळेला सुटी, हे सारे दोन्ही सणांत आहेच. परंतु ही तुलना करताना आपण कशाकडे पाहिले? लक्ष्मीपूजनाकडे की फराळाच्या ताटाकडे? बहुधा ताटाकडे. म्हणजे न कळत आपण एक निर्णय देऊन टाकला, की सणाचे खरे अंग म्हणजे घरचा आनंद. देवघरात किंवा देवळात जे घडते ते दुय्यम. हा निर्णय योग्य आहे काय? नाताळ हा धर्मविधी आहे, की कुटुंबाने एकत्र जमण्याचा, धर्माशी फारसे नाते न उरलेला सण आहे? विद्यार्थिमित्रहो, या प्रश्नाचा आज आपण थोडा विचार करू.

प्रथम नावे पाहू. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’वरून आपल्याकडे आला आणि त्याचे मूळ जन्मवाचक लॅटिन शब्दात आहे. ‘ख्रिसमस’ या इंग्रजी शब्दात ‘मिस्सा’, म्हणजे ख्रिस्ताची सामुदायिक उपासना, दडलेली आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडे मात्र हाच दिवस ‘बडा दिन’ म्हणून ओळखला जातो. त्या नावात जन्मही नाही आणि उपासनाही नाही. एकाच दिवसाच्या तीन नावांपैकी एकात जन्मकथा, दुसऱ्यात प्रार्थना आणि तिसऱ्यात केवळ दिवसाचा मोठेपणा. आपल्या प्रश्नाचे बीज असे नावांतच पडलेले आहे.

आता इतिहास. येशूच्या जन्माची कथा मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत आहे. मार्क आणि योहान यांच्या शुभवर्तमानांत ती नाही. तारीख तर चौघांपैकी एकानेही दिलेली नाही. २५ डिसेंबर या तिथीचा सर्वांत जुना स्पष्ट उल्लेख रोम येथे इ. स. ३५४ च्या सुमारास सिद्ध झालेल्या एका पंचांगवजा ग्रंथात सापडतो आणि त्यातील संबंधित नोंद ३३६ सालची मानली जाते. हीच तिथी का निवडली गेली, याविषयी विद्वानांत दोन मते आहेत. रोमन लोकांच्या सूर्योत्सवाच्या जागी ती आली, असे काही म्हणतात. २५ मार्च हा मातेच्या उदरी येण्याचा दिवस धरून पुढे नऊ महिने मोजल्याने ती आली, असे इतर म्हणतात. काहीही असो, युरोपातील कडाक्याच्या थंडीत, शेतीची कामे थांबलेली आणि रात्र मोठी असताना, लोक शेकोटीभोवती जमून खातपीत असत आणि त्याच ऋतूत ख्रिस्तजन्माचा उत्सव येऊन बसला. उपासना आणि ऋतूचा आनंद हे दोन प्रवाह तेव्हापासून एकाच पात्रातून वाहत आले आहेत.

यानंतरची एक हकीकत विद्यार्थ्यांना चकित करील. नाताळावर कायद्याने बंदी घालणारे पहिले लोक नास्तिक नव्हते. ते अत्यंत धर्मनिष्ठ ख्रिस्ती होते. १६४७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने नाताळचा सण रद्द केला. त्या वेळी तेथे प्युरिटन पंथाचे वर्चस्व होते. बायबलात ज्या दिवसाची आज्ञा नाही तो पाळणे म्हणजे मनुष्यकृत रूढीला ईश्वराच्या आसनावर बसविणे, अशी त्यांची धारणा होती. शिवाय त्या दिवसांतील मद्यपान आणि धांगडधिंगा त्यांना असह्य वाटे. १६६० मध्ये राजसत्ता परतली आणि सणही परतला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरविला. तो कायदा १६८१ मध्ये मागे घेण्यात आला. स्कॉटलंडमध्ये तर प्रेस्बिटेरियन परंपरेच्या प्रभावामुळे नाताळला सार्वजनिक सुटी मिळण्यास १९५८ साल उजाडावे लागले. तेव्हा ‘जो जितका धार्मिक, तितका त्याचा नाताळ मोठा’ हे समीकरण इतिहासाला मान्य नाही.

आज आपण चित्रांत पाहतो तो नाताळ, म्हणजे सजविलेले झाड, शुभेच्छापत्रे, मुलांसाठी भेटवस्तू आणि एका मेजाभोवती जमलेले कुटुंब, हा मुख्यतः एकोणिसाव्या शतकात घडला. १८४३ साली चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही दीर्घकथा प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी लंडनमध्ये हेन्री कोल यांनी विक्रीसाठी पहिले नाताळपत्र छापविले. १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरिया आणि तिचे कुटुंब सजविलेल्या झाडाभोवती उभे असल्याचे चित्र एका सचित्र साप्ताहिकात आले आणि जर्मनीतील ती प्रथा इंग्रज मध्यमवर्गाच्या घरोघरी पोहोचली. डिकन्सच्या कथेतील कृपण म्हाताऱ्याचे हृदयपरिवर्तन होते ते दयाबुद्धीने आणि माणसांच्या ओढीने. तेथे धर्मतत्त्वांचे विवेचन जवळजवळ नाही. कारखान्यांच्या त्या युगात माणसे घरापासून दुरावू लागली होती. घरी परतण्याचा एक हक्काचा दिवस त्यांना हवा होता आणि तो नाताळने दिला.

पुढे काही राज्यांनी या सणातून धर्म वेगळा काढण्याचा प्रयोगही करून पाहिला. सोव्हिएत संघात नाताळच्या झाडावर रोष होता. परंतु १९३५ च्या अखेरीस ते झाड ‘नववर्षाचे झाड’ म्हणून परत आले. झाड तेच, दिवे तेच, मुलांचा हर्ष तोच. फक्त जन्मकथा वगळलेली. क्युबात १९६९ मध्ये नाताळची सुटी रद्द झाली आणि पोप जॉन पॉल दुसरे यांच्या जानेवारी १९९८ मधील भेटीच्या आधी, १९९७ च्या डिसेंबरात, ती पुन्हा देण्यात आली. जपानची तऱ्हा आणखी निराळी. तेथे ख्रिस्ती लोक शेकडा एकाच्या आसपास आहेत आणि नाताळची सार्वजनिक सुटीही नाही. तरी स्ट्रॉबेरीचा केक त्या दिवशी घरोघरी येतो आणि १९७४ पासूनच्या एका मोठ्या जाहिरात-मोहिमेमुळे तळलेले कोंबडीचे मांस हे तेथील नाताळचे खाद्य बनून गेले आहे. यावरून एवढे सिद्ध होते, की सणाचे बाह्य रूप उपासनेवाचून जगू शकते. पण त्यावरून उपासना गौण ठरत नाही. शिंपल्याची शोभा घरात मांडता येते, म्हणून मोती नव्हताच असे कोणी म्हणत नाही.

हा वाद अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथील राज्यघटनेनुसार शासनाला कोणताही धर्म प्रस्थापित करता येत नाही. पॉटकेट नावाच्या शहराने नाताळच्या सजावटीत बाळ येशूचा गोठा मांडला होता. शेजारी सांताक्लॉजचे घर आणि सजविलेले झाड होते. १९८४ साली न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी ती मांडणी वैध ठरविली. १९८९ मध्ये पिट्सबर्ग येथील न्यायालयाच्या इमारतीत, मुख्य जिन्यावर, एकटा गोठा मांडला होता. तो मात्र अवैध ठरला. दोन्ही निकाल एकत्र वाचले म्हणजे एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. गोठा सांताक्लॉजच्या शेजारी असला तर चालतो, कारण मग तो ऋतूच्या करमणुकीचा भाग ठरतो. एकटा असला तर चालत नाही, कारण मग तो जे आहे तेच सांगतो. पहिल्या खटल्यात भिन्न मत देणाऱ्या न्यायमूर्तींपैकी एकाने नेमकी हीच खंत मांडली होती. श्रद्धावंतांचा विजय झाला खरा, पण आपले पवित्र चिन्ह फारसे पवित्र नाही हे मान्य केल्यावर! आणि या प्रश्नाची दुसरी बाजूही ध्यानात घ्या. ‘हा तर सर्वांचाच सण’ असे सांगून ज्यू किंवा हिंदू मुलाला शाळेत ख्रिस्तजन्माची स्तोत्रे म्हणावयास लावले, तर त्याच्या मनाची ओढाताण होईल. ‘हे काही धार्मिक नाही’ हे वाक्य असे दोन्हीकडे दुखवू शकते. श्रद्धा असणाऱ्याला ते हिणवते आणि श्रद्धा नसणाऱ्यावर ते सक्ती करते.

आता गोव्याकडे येऊ. येथे २४ डिसेंबरच्या मध्यरात्री चर्चमध्ये जी मिस्सा होते, तिला पोर्तुगीजात ‘कोंबड्याची मिस्सा’ असे गमतीचे नाव आहे; परंतु तिचे स्वरूप पूर्णतः गंभीर व उपासनेचे आहे. घरोघरी गोठा मांडतात. ही परंपरा संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो येथे उभारलेल्या गोठ्याची आठवण देते. दारात कागदी तारा लागतो. आणि मग निघते मिठाईचे तबक. त्याला कोणी ‘कुस्वार’ म्हणतात, कोणी ‘कोंसुआद’. त्यात दोदोल असतो, बेबिंका असते, कलकल असतात आणि नेवऱ्या असतात. नेवरी म्हणजे आपली करंजी. चवथीला हिंदू घरात जी नेवरी गणपतीच्या नैवेद्याला होते, तिचीच बहीण नाताळला ख्रिस्ती घरात तळली जाते. चवथीचे ताट त्यांच्याकडे जाते, नाताळचे तबक आपल्याकडे येते.

हे चित्र गोड आहे. पण इतिहास सर्वस्वी गोड नव्हता, हेही सांगितले पाहिजे. १५१० मध्ये पोर्तुगीज आले. सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला न्यावी लागली. १५६० मध्ये सुरू झालेले इन्क्विझिशन, मध्यंतरीचा अल्प काळ वगळता, १८१२ पर्यंत चालले. त्यामुळे एखाद्या वृद्धाला शेजारच्या तबकाविषयी संकोच वाटला, तर त्यामागे पिढ्यांची आठवण असते. तिची थट्टा करू नये. परंतु त्याच काळातील दुसरी गोष्टही खरी आहे. १६१६ साली राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मोपदेशकाचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे ते काव्य मराठीत आहे. ख्रिस्तजन्माची कथा आपल्या ओवीत उतरल्याला चारशे वर्षे होऊन गेली. जिने मने दुखावली ती सत्ता १९ डिसेंबर १९६१ रोजी गेली. ओवी राहिली, नेवरी राहिली आणि शेजारही राहिला.

तर मग उत्तर काय? माझ्या मते ‘हे की ते’ असा प्रश्न विचारण्यातच घोटाळा आहे. नाताळात तीन धागे आहेत. पहिला उपासनेचा, त्याचा अर्थ काय हे सांगण्याचा अधिकार उपासना करणाऱ्याचा. दुसरा घरच्या रीतीचा. तो कुटुंबाचा आणि कुटुंबाच्या आमंत्रणाने शेजाऱ्याचाही. तिसरा सार्वजनिक सुटीचा; तो शासनाचा. आपल्या देशात बुद्धपौर्णिमा, महावीर जयंती, ईद, गुरुनानक जयंती आणि नाताळ या सर्व दिवशी सुटी असते. तिचा अर्थ शासन त्या धर्माचे झाले असा नव्हे. ज्याला त्या दिवशी उपासना करावयाची आहे त्याला मोकळीक मिळावी, एवढाच. हे तीन धागे ज्याने वेगळे ओळखले त्याला कोठेही अडचण पडत नाही. वर्गातील ख्रिस्ती मैत्रिणीने आणलेली नेवरी खाल्ल्याने कोणाचा धर्म बदलत नाही. पण ती खाताना ‘हा तर नुसता मौजेचा दिवस’ असे म्हटल्याने मैत्रिणीचे मन मात्र दुखू शकते.

कोणी विचारील, धागे वेगळे करता येतात तर उपासना न मानणाऱ्या ख्रिस्ती घराचे काय? ज्या घरात चर्चला कोणी जात नाही, पण दूरदेशीचा मुलगा नाताळला परत येतो, त्या घराचा नाताळ खोटा म्हणावयाचा काय? मुळीच नाही. गणेशचतुर्थीला घरी जाणाऱ्यांतही पूजेपेक्षा आईच्या भेटीसाठी जाणारे असतातच. घर हे त्यांचे खरे कारण आहे आणि ते पुरेसे आहे. मात्र आपले कारण तेच सर्वांचे कारण, असे त्यांनी ठरवू नये. आणि मध्यरात्री गुडघे टेकणाऱ्यानेही त्यांना सणाबाहेर काढू नये.

तात्पर्य, शेजाऱ्याचा सण काय आहे हे दुरून ठरविण्यापेक्षा त्यालाच विचारावे. येत्या डिसेंबरात तबक घेऊन कोणी दारात आले, तर त्यांना आत बसवा आणि गोठ्यातील प्रत्येक मूर्ती कोणाची, तारा कशासाठी, हे विचारा. ते आनंदाने सांगतील. मग रिकामे तबक तसेच परत पाठवू नका.