इन्व्हर्टर : सोय आणि सुरक्षितता

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्यानंतरच्या दशकात राज्याला तीव्र भारनियमन सोसावे लागले आणि इन्व्हर्टर ही चैनीची वस्तू न राहता गरजेची झाली. आज ती घराप्रमाणेच शाळेच्या संगणक कक्षात व ग्रामपंचायत कार्यालयातही दिसते. तिचा स्वभाव मात्र फारसा कोणी समजून घेत नाही.

मुख्य स्विच बंद केला की वास्तूतील वीज बंद झाली, असा आपला जुना समज आहे. इन्व्हर्टर असलेल्या ठिकाणी तो खरा नाही. किंबहुना, मुख्य स्विच बंद होताच वीज गेली असे मानून हे यंत्र कामाला लागते आणि बॅटरीतील १२ व्होल्टची वीज २३० व्होल्टची करून तारांत सोडते. पंखा उतरविण्यासाठी स्टुलावर चढलेल्या माणसाच्या दृष्टीने ही वीज खांबावरच्या विजेइतकीच घातक होय. उलटपक्षी, केवळ इन्व्हर्टरचे बटण बंद केल्यास बाहेरची वीज त्यातून पुढे जाऊ शकते. म्हणून दुरुस्तीपूर्वी दोन्ही बंद करावेत, टेस्टरने खात्री करावी आणि मुख्य स्विचजवळ ‘येथे इन्व्हर्टर आहे’ अशी ठळक पाटी लावावी. जोडणी परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावी. ती चुकल्यास वीज उलट खांबाकडे जाऊन तेथे काम करणाऱ्या तारतंत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

शिसे व गंधकाम्ल यांच्या बॅटरीचा शोध गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये लावला. ती भारित होताना पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले की ठिणगीही पुरते. आपल्याकडे बॅटरीला जागा मिळते ती जिन्याखाली किंवा बंद कोनाड्यात, आणि कधी शेजारीच देवघराची समई तेवत असते! बॅटरीची जागा हवेशीर असावी. हा वायू हलका असल्याने वरच्या बाजूस झरोका हवाच. कमी झालेले पाणी भरताना ऊर्ध्वपातित, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर म्हणून मिळणारे, पाणीच वापरावे. कूपनलिकेच्या पाण्यातील क्षार बॅटरी निकामी करतात.

आता भरवशाविषयी. १२ व्होल्ट व १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास वीज साठते. चार पंखे व दोन दिवे यांचा भार ३२० वॉट धरल्यास साडेपाच तासांचा हिशेब निघतो; रूपांतरातील घट पाहता चार तास मिळाले तरी पुष्कळ. तापमानात १० अंश सेल्सिअसची वाढ कायम राहिल्यास बॅटरीचे आयुष्य सुमारे निम्मे होते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेली बॅटरी लवकर का संपते, ते यावरून ध्यानात येईल. लिथियम बॅटरीला पाणी घालावे लागत नाही. परंतु तिला योग्य चार्जर व संरक्षक मंडल अत्यावश्यक असते, अन्यथा ती पेट घेऊ शकते.

जुनी बॅटरी फोडून शिसे काढणे आरोग्यास, विशेषतः बालकांच्या मेंदूस, अपायकारक आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी घेताना जुनी विक्रेत्याकडे द्यावी आणि दप्तरी त्याची पावती ठेवावी.