घंटा कोण वाजवतं ते आधी विचार

अरे, ऑरोव्हिलला राहायला जायचं ठरवलं आहेस तर जरूर जा. एडीडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याची अडचण, असलेल्या माणसाला चारचौघांत राहणं झेपत नाही, असं तुला जे सांगतात त्यांचं मला मुळीच पटत नाही. माझंही डोकं तुझ्यासारखंच आणि आयुष्याचा बराच काळ मी आश्रमांत, सामुदायिक वस्त्यांतच काढला आहे. फक्त तिथली माणसं कशी आहेत, झाडी किती आहे, हे विचारण्याआधी एक विचारून घे. इथे वेळ कोण सांभाळतं?

सेवाग्रामला वेळ घंटा सांभाळते. बापू १९३६ मध्ये तिथे राहायला आले आणि पहाटेची प्रार्थना, सूतकताई, जेवण, सायंप्रार्थना असा दिवस बांधला गेला. पाहुण्यांना तो जाच वाटतो. आपल्यासारख्यांना मात्र तो आधार असतो, कारण आपल्याला ‘आत्ता’ आणि ‘नंतर’ अशा दोनच वेळा कळतात. घंटा झाली, शेजारचा उठला, की आपणही उठतो. अमेरिकेत व्हर्जिनियात ट्विन ओक्स नावाची १९६७ पासूनची वस्ती आहे. तिथे दर आठवड्याला ज्याच्या त्याच्या हातात कामाचा तक्ता येतो. स्वयंपाक, मुलं सांभाळणं, बागकाम, टोफू करणं, सगळ्याचा तास सारखाच मोजतात आणि एका दिवसात दोन-तीन वेगळी कामं करता येतात. लवकर कंटाळणाऱ्या माणसासाठी याहून चांगली व्यवस्था मला ठाऊक नाही.

ऑरोव्हिल वेगळं आहे. १९६८ मध्ये वसलेल्या त्या गावात तुला उठवायला कुणी येणार नाही. आपलं काम आपण शोधावं, ही त्या जागेची श्रद्धा आहे आणि मला तिचा आदर आहे. पण आपली माणसं घसरतात ती नेमकी या मोकळीकीत. पहिल्या महिन्यात जंगललागवड, मातीची घरं, नाटक, सायकलदुरुस्ती, सगळीकडे नाव देऊन येतात आणि तिसऱ्या महिन्यात त्याच लोकांची तोंडं चुकवत फिरतात. म्हणून तुझी घंटा तुलाच बांधून घ्यायची आहे. रोज ठरल्या वेळी माणसं तुझी वाट पाहत असतील असं एकच काम आधी धर. तिथल्या सोलर किचनमध्ये विचारून बघ. शेकडो माणसांचं दुपारचं जेवण असतं, ते कुणासाठी लांबत नाही. स्वयंपाकघरातलं काम डोळ्यांसमोर सुरू होतं नि डोळ्यांसमोर संपतं, हात गुंतलेले राहतात, शेजारी कुणीतरी असतं. भांडाराच्या किल्ल्या, हिशेबाची वही, रोपवाटिकेला एकट्यानं पाणी घालणं, ही कामं कुणी कितीही प्रेमानं दिली तरी घेऊ नकोस. रोप वाळायला लागतं तेव्हा हाक मारत नाही.

सभा खूप होतील आणि लांबतील. हातात काहीतरी घेऊन बस. गांधीजींच्या काळात लोक सभेत बसून टकळीवर सूत काढत. हात चालू असले की आपला कान जागा राहतो, हे मी कितीदा पाहिलं आहे. तू शेंगा निवड, दोरी वळ, काहीही कर, पण सुरुवातीलाच शेजाऱ्यांना सांगून ठेव, नाहीतर त्यांना वाटेल तुझं लक्ष नाही. आणि सभेत कुठल्याही कामाला ‘हो’ म्हणायचं नाही. त्या क्षणी आपल्याला सगळंच करावंसं वाटतं, अगदी मनापासून वाटतं. ‘उद्या सकाळी सांगतो’ एवढंच म्हण. सकाळीही तितकंच वाटलं तर घे.

सामाईक वस्तूंवरून सगळ्यात जास्त मनं दुखावतात. एकत्र राहणाऱ्या घरात न घासलेलं पातेलं, शेतात राहिलेलं खुरपं हा नुसता विसराळूपणा राहत नाही, त्याचा अर्थ ‘याला आमची पर्वा नाही’ असा लागतो. तेव्हा हातातली वस्तू जागेवर ठेवल्याशिवाय दुसरी उचलायची नाही. अवजारांच्या भिंतीवर प्रत्येक अवजाराची आकृती रंगवून घे, म्हणजे रिकामी जागा तुला लांबूनही दिसेल. इतरांनाही ते आवडतं.

‘मला एडीडी आहे’ एवढं सांगून थांबू नकोस. ऐकणाऱ्याला त्यातून काय करायचं ते कळत नाही. ‘मला चालता चालता निरोप देऊ नका, फळ्यावर लिहा’, ‘निघायच्या दहा मिनिटं आधी हाक मारा’, असं नेमकं माग. माणसं आनंदानं करतात. त्यांच्यासाठी तूही काहीतरी कर. आग लागली, पाहुणे अचानक आले, पंप बंद पडला, की आपलं डोकं इतरांपेक्षा लख्ख चालतं. अशा वेळी पुढे हो.

राहायला स्वतंत्र खोली माग, लहान चालेल. दिवसभर माणसांत राहिल्यावर दार लावता आलं पाहिजे.

शेवटी गोळ्यांचं. तू घेतोस ते मिथाइलफेनिडेट नियंत्रित औषध आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक दुकानात नसतं. पुद्दुचेरी जवळ आहे, पण गोळ्या संपायच्या आधीच्या आठवड्यात कुठल्या दिवशी जायचं ते आत्ताच ठरव आणि कुणाला तरी सोबत ने. त्या गोळ्या सामाईक कपाटात ठेवू नकोस, कुणाला एकही देऊ नकोस. ‘ध्यान कर, हे सोड’ असं सांगणारे सज्जन तुला नक्की भेटतील. ध्यान अवश्य कर. गोळी कमी करायची की नाही हे मात्र फक्त डॉक्टरांशी बोलून ठरव.