रुग्णाचे समाधान : विचारण्याची भाषा

शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाची नाडी, रक्तदाब व रक्तातील प्राणवायूचे प्रमाण यंत्रे नोंदवितात. त्याला भीती वाटली काय, वेदना जाणवल्या काय, हे मात्र त्यालाच विचारावे लागते. हे विचारणे शास्त्रशुद्ध कसे व्हावे, याचा अमेरिकेतील स्पॅनिशभाषक रुग्णांच्या संदर्भात येथे थोडक्यात परामर्श घेत आहोत.

पूर्ण बेशुद्ध न करता, भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली गुंगी देऊन ज्यांच्यावर उपचार होतात, अशा रुग्णांसाठी आयोवा विद्यापीठातील फ्रँकलिन डेक्स्टर व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ‘मला सुरक्षित वाटले’, ‘मला वेदना झाल्या’, ‘हीच भूल मी पुन्हा घेईन’ अशी तीत ११ विधाने आहेत. प्रत्येकास उणे ३ ते अधिक ३ यांदरम्यान सहा पर्याय असून शून्य नाही. म्हणजे रुग्णास कोणती तरी एक बाजू घ्यावीच लागते. प्रतिकूल विधानांचे चिन्ह उलटवून सर्व गुणांची सरासरी काढतात.

अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणारे चार कोटींहून अधिक आहेत. त्यांतील ज्यांना इंग्रजी पुरेसे येत नाही, त्यांच्यासाठी केवळ शब्दाला शब्द ठेवून भागत नाही. ‘मारेओ’ या स्पॅनिश शब्दात चक्कर व मळमळ दोन्ही येतात. जसे आपल्याकडील रुग्णाच्या ‘कसंतरी होतंय’ यात बरेच काही सामावते. म्हणून एकाने केलेले भाषांतर, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याकडून पुन्हा इंग्रजीत करून घेतात व दोन्ही ताडून पाहतात. त्यानंतर प्रत्येक विधानाचा अर्थ रुग्णांकडूनच वदवून घेणे श्रेयस्कर ठरते.

विचारणारा कोण, हेही तितकेच महत्त्वाचे. भूल देणाऱ्यासमोर रुग्ण भिडेपोटी ‘सारे उत्तम’ म्हणतो. मुलाकरवी विचारल्यास वेदना झाकतो. तातडीचे प्रसंग वगळता अल्पवयीन मुलांना दुभाषी म्हणून वापरण्यास तेथील संघीय नियमांनी २०१६ मध्ये मनाई केली, ती उचितच होय.

अहिराणी, गोंडी वा कोरकू बोलणारा आपला रुग्णही प्रमाण मराठीतील प्रश्नाला नुसती मान डोलावून मोकळा होऊ शकतो. त्याच्या बोलीत विचारणारा माणूस व तपासून घेतलेली प्रश्नावली यांवरील खर्च हा रुग्णसेवेचाच खर्च होय, असे आम्ही विश्वस्त व देणगीदारांस नम्रपणे सुचवू इच्छितो. नातेवाइकांसही विनंती की, रुग्णाचे उत्तर त्याचे त्यालाच देऊ द्यावे.