खुरासणी : वरकस जमिनीचे पिवळे पीक

भाद्रपद सरत आला की मुळशीच्या डोंगरउतारांवर दोन पिवळे रंग दिसू लागतात. एक सोनकीचा, ती रानात आपोआप उगवते. दुसरा खुरासणीचा, तो शेतकऱ्याने पेरलेला असतो. ताम्हिणीकडे जाणारा प्रवासी दोन्हींना एकच समजतो. दोन्ही वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातील असल्याने ही चूक क्षम्य आहे. परंतु खुरासणी म्हणजे घरातील तेल, चटणी आणि गुरांची पेंड, हे आपल्या मुलांना ठाऊक असावयास हवे.

खुरासणीलाच अन्यत्र कारळा म्हणतात. तिचे शास्त्रीय नाव ग्विझोशिया ॲबिसिनिका. ॲबिसिनिया म्हणजे आजचा इथिओपिया. तेच या पिकाचे मूळ स्थान होय. बी बारीक, काळे व चकचकीत असून त्यात सुमारे ३५ ते ४० टक्के तेल असते.

मुळशीत खाचर भाताचे आणि उतार वरकस पिकांचा, अशी जुनी वाटणी आहे. उतारावर नाचणी, मग वरी, मग खुरासणी घ्यावयाची आणि नंतर जमीन पडीक ठेवून तिला विसावा द्यावयाचा, असा फेर असे. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला, तरीही धरण झाले आणि खोऱ्यातील भातखाचरे पाण्याखाली गेली. काठावर वर सरकलेल्या वस्त्यांना उताराच्या जमिनीचा आधार अधिकच मोलाचा वाटला असल्यास नवल नाही.

लागवड सोपी आहे. पावसाने जमीन वापशावर आली की जून-जुलैमध्ये पेरणी करावी. एकरी दोन किलो बियाणे पुरते. ते बारीक असल्याने वाळूत मिसळून पेरल्यास सारखे पडते. दोन ओळींत ३० सेंटिमीटर व दोन रोपांत १० सेंटिमीटर अंतर राहील अशी विरळणी करावी. पाणी साचू देऊ नये. अमरवेल हा या पिकाचा मोठा शत्रू होय. तिचे बी खुरासणीच्या बियाण्यातूनच शेतात येते. म्हणून बियाणे चाळून घ्यावे आणि वेल दिसताच झाडासह उपटून नष्ट करावी. इगतपुरी येथील संशोधन केंद्रातून ‘सह्याद्री’ व ‘फुले कारळा-१’ हे वाण मिळाले आहेत. बोंडे काळपट होताच पीक कापून, वाळवून काठीने झोडपतात. उत्पन्न हेक्टरी तीन ते पाच क्विंटलच येते. पण हलक्या जमिनीत, अल्प खर्चात येते.

आता या फुलाचे रहस्य पाहू. आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो अनेक लहान फुलांचा गुच्छ असतो. कडेची आठ-एक पाकळ्यांसारखी फुले आणि मधली कित्येक नळीसारखी फुले मिळून एक बोंड होते. खुरासणीच्या झाडाला स्वतःच्या परागाने बी जवळजवळ धरत नाही. पराग दुसऱ्या झाडाचा लागतो आणि तो मधमाशी आणते. विद्यार्थ्यांनी हे स्वतः पडताळावे. उमलण्यापूर्वीच्या काही कळ्यांवर पातळ मलमलीच्या पिशव्या बांधाव्यात आणि काही उघड्या ठेवाव्यात. पुढे दोन्हींतील भरलेले दाणे मोजावेत. आकडे वहीत मांडले की धड्याचा अर्थ कोणी सांगावा लागणार नाही. याच कारणाने पीक फुलोऱ्यात असताना कीटकनाशक फवारू नये. मधपेट्या ठेवल्यास दाणे वाढतात, शिवाय मधही मिळतो.

आज उतारांचे भूखंड पडत आहेत. कुंपणे व बंगले उठत आहेत. एकट्याने पेरलेल्या तुकड्यावर माश्या कमी येतात, गुरे अधिक येतात. मग तोही शेतकरी पेरणे सोडतो. एक-दोन वर्षे पेरणी चुकली की घरचे बियाणे संपते आणि त्यासोबत त्या जमिनीचे ज्ञानही.

म्हणून ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी वरकस जमीन उरली आहे, त्यांनी येत्या पावसात दहा गुंठे तरी खुरासणी पेरावी. आणि शेजाऱ्यालाही पेरावयास सांगावे. दाणे भरण्यासाठी दोघांची शेते फुलावी लागतात.